जातो म्हणायचं नसतं

पाटी सरळ करूर दाखवत होती आणि दाजींनी सायकल डावीकडं घातली.

नामक्कलच्या त्या फाट्यावर मी ब्रेक दाबून उभाच राहिलो. मागून दोन हाका मारल्या. ट्रकांची वर्दळ होती, दुसरा कुणी असता तर ऐकू आलं नसेल म्हणून सोडून दिलं असतं. पण दाजींना सगळं ऐकू येतं. जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला, तरी पलीकडच्या खोलीत कोण काय कुजबुजलं ते माग न थांबवता सांगणारा माणूस तो. इचलकरंजीत त्यांच्या कानाची ख्याती होती. कुठल्या मागावर सूत घेऊन धावणारा धोटा अडणार आहे ते धोटा अडायच्या आधी त्यांना कळायचं.

पुढं एका चिंचेखाली ते पाय टेकून थांबले होते. मी गाठल्यावर म्हणाले, "पाव्हणं, त्रिची हिकडनं जवळ पडती."

"करूरवरनं पण जाता येतंय की."

"लांब पडतंय."

इचलकरंजीपासून नामक्कलपर्यंत सायकल मारत आलेला माणूस मला लांब नि जवळ शिकवत होता. मला असा राग आला म्हणता, वाटलं सायकल तिथंच आडवी करावी आणि गाडी पकडून घर गाठावं. पण उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालेल? दाजींचं आडनावच मुसळे. विरुपाक्ष मुसळे, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. रामेश्वरला सायकलनं जायचं हे त्यांनी साठीच्या तोंडावर ठरवलं, आणि एकदा त्यांनी ठरवलं की ते मोडायची देवाचीसुद्धा टाप नव्हती. आक्कानं मला बरोबर धाडलं, कारण माझं सायकलचं दुकान होतं, आणि दुसरं कारण करूर होतं.

करूरला सोमनाथ होता, त्यांचा एकुलता एक मुलगा.

बापलेकांत मागांवरून बिनसलं होतं. सोमनाथचं म्हणणं, हे जुने धोट्याचे माग मोडीत घाला आणि बिनधोट्याचे नवे घेऊया. दाजी म्हणाले, माझ्या जिवात जीव असेपर्यंत एक माग हलणार नाही. शब्दाला शब्द वाढला. पोरगं बॅग घेऊन निघालं. आक्का स्वयंपाकघरातून धावत आली तोवर तो उंबऱ्यात पोचला होता. त्यानं "जातो" म्हटलं आणि दाजींनी दार लावलं.

आता घरातून निघताना जातो म्हणायचं नसतं, हे कुणाला सांगायला नको. कोपऱ्यावर चहापत्ती आणायला निघालेला माणूससुद्धा येतो म्हणूनच पायात चप्पल घालतो. त्या एका शब्दावर दाजी जे रुसले, ते रुसलेच. सोमनाथनं करूरला नोकरी धरली, तिथलीच मुलगी केली, लग्नाची पत्रिका आली. दाजी म्हणाले, "जातो म्हणणाऱ्याच्या लग्नाला कोण जातंय?" मुलगी झाल्याचा फोन आला. दाजींनी फोन आक्काच्या हातात दिला. दिवाळी आली, पाडवा आला, आक्का डोळे पुसत विषय काढायची, आणि ह्यांचं ठरलेलं उत्तर, "त्यो जातो म्हणालाय." सहा वर्षं हे एकच पालुपद. त्यात आदल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांना काय माहीत हा माणूस रामेश्वर गाठायला निघेल!

निघायच्या दिवशी आक्कानं मला बाजूला घेतलं. हातात कांदा-लसणाच्या चटणीचा डबा दिला, चांगला फडक्यात बांधलेला. पत्ता माझ्याकडून दोनदा पाठ करून घेतला. म्हणाली, "धोंडू, रामेश्वर कुठं पळून जात न्हाई. करूर तेवढं चुकवू नगंस. ह्यांच्या छातीचं काय खरं न्हाई. दोघांनी एकदा एकमेकांचं तोंड बघू दे, मग माझं काय बी हुंदे."

तो डबा माझ्या कॅरिअरवर होता. चित्रदुर्गापासून त्याचा वास सुटला होता. दाजी पुढं असले की वास त्यांच्यापर्यंत जात नसे, मागं असले की मुद्दाम अंतर ठेवत. डबा कुणासाठी आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. म्हणजे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

आणि आता ते डावीकडं वळले होते. सगळं मुसळ केरात.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. उजव्या हाताला कावेरी, दोन्ही बाजूंनी पिकून पिवळं झालेलं भात, नुकतीच संक्रांत होऊन गेलेली, दारादारात रांगोळ्या अजून ताज्या. असा मुलूख आयुष्यात पुन्हा बघायला मिळणार नव्हता, आणि मी दाजींच्या पाठीकडं बघत मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो. वारा सारखा तोंडावर. म्हातारा मात्र मान खाली घालून पायडल मारतोय. थांबणार नाही, बोलणार नाही.

त्रिची मागं टाकून आम्ही तंजावरच्या वाटेला लागलो. दुपारी तंजावरच्या अलीकडं एका लहान गावात शिरलो. गावाचं नाव मला तेव्हाही उच्चारता आलं नाही. कौलारू घरांची एकच गल्ली, प्रत्येक घरापुढं खांबांचा ओटा. त्या गल्लीत दाजींची चेन उतरली. पहिल्यांदा बसवली, पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा दाजींचा दोन दिवसांचा कोंडलेला आवाज एकदम फुटला. चेनच्या आईपासून सुरुवात करून चेन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांपर्यंत त्यांनी सगळ्यांचा उद्धार केला. आमच्याकडचा माणूस मुलुखाबाहेर गेला की हे असं होतं. इथं कुणाला कळतंय म्हणून तो तोंड सोडतो. मीसुद्धा दोन-चार घालून त्यांना साथ दिली. पंधरा-सोळा दिवस कानडी आणि तमिळ ऐकून आंबलेल्या जिभेला तेवढंच बरं वाटलं.

तर समोरच्या घरातून आवाज आला, "शिव्या हळू द्या हो. देवांची पूजा अत्तांच झाली अहे."

आम्ही दोघं दगडासारखे झालो. दाजींच्या हातातली चेन खाली पडली.

दारात एक म्हातारी उभी होती. ऐंशीच्या पुढची, नऊवारी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, कपाळावर उभं कुंकू. दिसायला गल्लीतल्या बाकी बायांसारखीच. ती आमच्याकडं बघून हसली, आणि मराठीतच विचारलं की कोठून आलात. मराठी आमचीच, पण कानाला कशी तरी वेगळी लागत होती. शब्द ओळखीचे, चाल अनोळखी. वीस-पंचवीस वर्षांनी जुन्या मित्राची गाठ पडावी आणि चेहरा तोच असून डोळ्यांत काही निराळं दिसावं, तसं वाटलं. दाजींनी हात जोडले आणि चुकलं म्हणाले. दाजींनी कुणाला चुकलं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तिचं नाव अंबूबाई. घरात ती आणि तिची सून. सुनेला मराठी कळायची, पण बोलायची तमिळ. मुलगा तंजावरला कामाला होता. अंबूबाईंनी आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि जेवल्याशिवाय हलू देणार नाही म्हणून सांगितलं. केळीच्या पानावर भात, आंबट वरण, आणि वाटीत दह्यातलं काहीतरी. दाजींनी बोटानं चाखून बघितलं आणि थांबले.

"हे डांगर हाय," ते म्हणाले.

"डांगरच अहे," अंबूबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे करीत नाहीत?"

"माझी आई करायची." एवढंच बोलून दाजी पुन्हा खाली मान घालून जेवायला लागले. मी वर बघितलं नाही. उडदाचं डांगर आमच्या आक्कालासुद्धा तसं जमत नाही.

शाळेत असताना पुस्तकात एक ओळ होती, व्यंकोजीराजे तंजावरला गेले. त्यावर मास्तरांनी प्रश्न काढला म्हणून मी ती पाठ केलेली. परीक्षा झाली आणि ओळ विसरली. त्या एका ओळीतली माणसं अजून तिथंच बसली आहेत, भात वाढताहेत, डांगर करताहेत, आपल्याच भाषेत शिव्या हळू द्या म्हणताहेत, हे माझ्या डोक्यातच शिरेना. मी खांबाला हात लावून बघितला, खरंच सांगतो.

दाजींनी विचारलं, तुम्ही लोक इकडं कधी आलात? ते अशा सुरात विचारत होते की जणू गेल्या वर्षी बदली झाली असावी. अंबूबाईंनी बोटं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दहा-बारा पिढ्या झाल्या असतील म्हणाल्या. मूळ गाव कुठलं ते असकी विसरली. असकी म्हणजे सगळी. हा शब्द त्या सारखा वापरायच्या. त्यांच्या सासऱ्यांना वाई म्हणून एक नाव माहीत होतं, पण ते गाव होतं की नदी की बाई, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

"आणि परत कुणी गेलं न्हाई?" दाजी.

"नाही."

"एकदाबी?"

अंबूबाई पानावर ताक वाढता वाढता थांबल्या. "येतों म्हणूनच निघाले असतील हो ते. मराठी माणूस आणिक काय म्हणेल? अजून आमचें येतोंच अहे. यायचें राहिलें अहे." मग दाजींकडं बघून त्यांनी अगदी सहज विचारलं, "दार उघडें अहे ना तिकडे?"

दाजी ताकातला भात कालवत राहिले. तीनशे वर्षांपूर्वी कुणी एक जण कुठल्या तरी उंबऱ्यावरून येतो म्हणून निघाला, आणि त्याच्या दहा-बारा पिढ्यांनंतरची ही म्हातारी इथं बसून विचारतेय की दार लावून घेतलं नाही ना.

जेवण झालं. चेन मी नीट बसवून दिली, एक कडी काढून टाकली. निघताना चटणीच्या डब्याचा वास अंबूबाईंच्या नाकात गेला, हे काय अहे म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, भाच्यासाठी चटणी आहे, त्याच्या आईनं दिलीय, करूरला असतो. दाजींनी माझ्याकडं डोळे वटारले नाहीत. उगीचच सायकलची घंटी वाजवून बघितली.

"येतो, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी हात वर केला आणि मला थांबवलं. "असें नाही. आधीं आंत ये." मला उंबऱ्याच्या आत घेतलं. म्हणाल्या, आमच्या घरांत उंबऱ्याच्या आंत उभं राहून जातों म्हणायचं. मग उंबरा ओलांडायचा, मागं वळायचं आणि येतों म्हणायचं. गेल्याशिवाय यायचं कसं? दोन्ही मिळून एक बोलणं. सासूबाईंनी त्यांना शिकवलं, त्यांच्या सासूबाईंनी त्यांना. मला त्यांनी तसंच करायला लावलं. मी आत उभा राहून जातो म्हणालो, जीभ अडखळली, असला शब्द घरात कधी उच्चारला नव्हता. बाहेर आलो, वळलो, येतो म्हणालो. सून पदर तोंडाला लावून हसत होती.

मग दाजींची पाळी. ते उंबऱ्याच्या आत जाऊन उभे राहिले.

"मावशी," ते म्हणाले, "एकानं नुसतं जातो म्हटलं. फुडचं म्हटलंच न्हाई."

"वळला नाही?"

"न्हाई."

"मागें कोण होतें?"

"मी. लगीच दार लावलं."

अंबूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही, कौतुकानंही नाही. घरातल्या मोठ्या माणसानं लहानाकडं बघावं तसं.

"दार लवकर लावलेंत हो तुम्हीं."

दाजींनी उंबरा ओलांडला. वळले. येतो म्हणाले की नाही मला ऐकू आलं नाही. पायऱ्या उतरून त्यांनी सायकल हातात धरली आणि तशीच चालवत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. मी मागं. गल्लीचा शेवट मोठ्या रस्त्याला मिळत होता. तंजावर डावीकडं, तिथून रामेश्वरचा रस्ता. उजवीकडं आम्ही आलो ती वाट.

दाजी उजवीकडं वळले.

मी गुमान सायकल वळवली. बोललो असतो तर मुसळ पुन्हा केरात गेलं असतं. वारा आता पाठीवर होता. कधी नाही ते दाजी अंतर न ठेवता माझ्या मागून येत होते, चटणीच्या वासात. एकदा मला वाटलं ते रडताहेत. मागं वळून बघितलं तर नाकाला रुमाल. मी पुढं बघितलं.

त्रिचीला मुक्काम केला. पुढच्या सांजेला करूरमध्ये शिरलो.

पत्ता पाठ होता, पण घर कुठलं ते विचारायची वेळच आली नाही. पत्त्यातल्या गल्लीत शिरताच मागांचा आवाज आला आणि दाजी कान टवकारून पुढं झाले. एका लांबट शेडपाशी थांबले, सायकल भिंतीला टेकवली, डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "बिनधोट्याचे हाईत." आणि थोड्या वेळानं, "चांगलं चाललेत."

शेडच्या पलीकडं घर होतं. दार सताड उघडं. दाजी दोन पायऱ्या चढले आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. आत जाईनात, हाकही मारीनात. छातीवर हात ठेवला होता. आक्काचे शब्द कानात वाजायला लागले, आता ह्याच पायऱ्यांवर काही झालं तर तिला काय तोंड दाखवू?

आतून सोमनाथ आला. खांद्यावर टॉवेल, केसांत कापसाची धूळ, अंगानं भरला होता. त्यानं आधी मला बघितलं. मग बापाला. टॉवेल खांद्यावरून घसरला, त्यानं उचलला नाही.

"आण्णा?"

शेडमधले माग चालूच होते. मागून त्याची बायको आली, कडेवर मुलगी, तीही थबकली.

"सोम्या," दाजी म्हणाले, "घरातनं निघालास, त्या दिशी उंबऱ्यात काय म्हणाला हुतास रं तू?"

सोमनाथ बापाकडं बघत राहिला. सहा वर्षांनी बाप दारात उभा आहे आणि हे विचारतोय. त्यानं खरंच आठवायचा प्रयत्न केला. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तो शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं. ज्या एका शब्दापायी बापानं लेकाचं लग्न बघितलं नाही, नातीचं तोंड बघितलं नाही, माझ्या बहिणीनं सहा दिवाळ्या रडून काढल्या, तो शब्द त्या पोराच्या ध्यानातसुद्धा नव्हता.

"येतोच म्हणालो असणार की, आण्णा," तो गोंधळून म्हणाला. "निघताना माणूस दुसरं काय म्हणतोय?"

दाजींनी छातीवरचा हात खाली घेतला. वाकून टॉवेल उचलला, झटकला आणि पोराच्या खांद्यावर ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "येतोच म्हणाला हुतास. माग चालू हुतं, मला नीट ऐकू आलं न्हाई."